आभार मानायचा मान

आमच्या सीए लोकांच्या संघटनेची जिल्हा शाखा लहान आहे. धाराशिव शहरातली मंडळी, उमरग्या-तुळजापूरकडची काही, परंड्याचे एकटेच एक गृहस्थ. सगळे मिळून लग्नाच्या एका पंगतीतही मावतील. तरीही आमच्याकडे अध्यक्ष असतो, सचिव असतो, अभ्यासवर्ग असतात, वार्षिक मेळावा असतो आणि अध्यक्ष निवडायची एक पद्धतही आहे. ती कुठल्या घटनेत लिहिलेली नाही. आमच्यात निवडणूक होत नाही. वार्षिक मेळाव्यात ज्याला आभार मानायला सांगतात, तो पुढच्या वर्षीचा अध्यक्ष. हे कुणी उघड बोलत नाही, पण निमंत्रणपत्रिका आली की आधी सगळ्यांची नजर तळाच्या ओळीवर जाते.

माझं नाव त्या ओळीत कधी आलं नाही. ते तिच्या बरोब्बर वर असायचं, ‘सूत्रसंचालन’ या शब्दापुढे. मी शाखेतली पहिली बाई. शाखेत आले त्याच वर्षी माझ्या हातात माईक आला, बाईमाणूस आहे, आवाज बरा आहे म्हणून. मीही तो आनंदानं घेतला. पाहुण्यांची ओळख करून देताना मी स्वतः रचलेल्या चारोळ्या म्हणायचे. जीएसटीवर चारोळी करणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात दुसरी सापडणार नाही, याचा मला अभिमान होता आणि आहे. पण माझ्या मागून आलेले, माझ्याकडे शंका विचारायला येणारे एकेक जण आभार मानून अध्यक्ष होत गेले. मधल्या खुर्चीत बसून त्यांनी शाली घेतल्या. त्यांची नावं पुकारली मी.

मला अध्यक्ष व्हायचं होतं. साधी गोष्ट आहे, ती मी कधी कुणाला सांगितली नाही, पण व्हायचं होतं.

आणि मग ती आली. लग्न होऊन धाराशिवला आलेली, माझ्या निम्म्या वयाची नसली तरी मला तशी वाटणारी. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं मराठीइतकंच कन्नड अस्खलित. पहिल्या अभ्यासवर्गाला आली तेव्हा तिनं मला वाकून नमस्कार केला. मला ते आवडलंही. पण पुढच्याच बैठकीत आमचे अध्यक्ष तिला “ताई, चहा घेतला का?” म्हणाले आणि ते मला लागलं. मी एवढी वर्षं ‘मॅडम’ होते. मॅडमला खुर्ची देतात, चहा घेतला का असं विचारत नाहीत.

उमरगा तालुक्यातल्या मुरूमला व्यापाऱ्यांसाठी शिबिर घ्यायची कल्पना तिचीच. रिटर्न कसं भरायचं, नोटीस आली तर काय करायचं, हे बाजारात जाऊन समजावून सांगायचं. मी म्हटलं होतं, सुट्टीच्या दिवशी कोण येणार? बाजार समितीच्या हॉलमध्ये आम्ही टेबलं मांडली आणि माणसांची रीघ लागली. माझ्या टेबलावर दोघे-तिघे आले, तेही पंखा डोक्यावर होता म्हणून. तिच्या टेबलापुढं मात्र कपाळावर भस्माचे पट्टे असलेली सगळी आडत लाईन उभी होती. ती अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत बोलत होती, मधेच हसत होती. एक म्हातारे दुकानदार मला म्हणाले, “मॅडम, तुमचं बी बराबर असंल, पर आमी जरा ताईला इचारतो. ह्या नोटिशीचा लई घोर लागलाय.” मी म्हटलं, “विचारा की.” त्यांच्या हातातली नोटीस मला उलटीसुद्धा वाचता येत होती आणि तिचं उत्तर दोन वाक्यांत होतं. पण त्यांना ते माझ्याकडून नको होतं.

दुसऱ्या दिवशी शिबिराची बातमी पेपरात आली. फोटोत ती मधोमध, आणि काठावर माझा खांदा. खांदा माझाच आहे हे फक्त साडीवरून मला कळलं. शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर अंगठे आणि फुलं. मीही एक फूल टाकलं, अगदी शेवटी, लहानसं.

त्या वर्षीच्या मेळाव्याची पत्रिका आली. तळाच्या ओळीत तिचं नाव होतं. शाखेत येऊन तिला जेमतेम काही महिने झाले होते. मी पत्रिका झाकली, पुन्हा उघडली. ओळ तीच होती. संध्याकाळपर्यंत माझं डोकं ठणकत होतं आणि नवऱ्यानं विचारलं तर मी रिटर्नची मुदत जवळ आल्याचं कारण सांगितलं. मुदत कधीची टळली होती.

न राहवून मी अध्यक्षांच्या ऑफिसात गेले. ते वयानं माझ्याएवढे, स्वभावानं मोकळे. मी सरळच विचारलं, “सर, मला आभार मानायला कधी सांगणार?”

ते खरंच चकित झाले. “मॅडम, तुमच्याबिगर कार्यक्रम चालतोय व्हय? सूत्रसंचालनाला दुसरं कोन हाय? आन् आमाला वाटायचं, तुमाला ते पाहिजेच न्हाय. दरसाली माईक तर तुमीच पुढं होऊन घेता.”

म्हणजे मी चांगलं काम करते म्हणून मला मान नाही, असा त्याचा अर्थ. मी त्यांचा चहा पिऊन परत आले.

मेळाव्यात मीच तिचं नाव पुकारलं. “आता आभारप्रदर्शनासाठी...” एवढं म्हणून मी जरा थांबले. ते थांबणं प्रेक्षकांना परिणामासाठी वाटलं असेल. ती आली, बोलली, सगळ्यांना आठवणीनं धन्यवाद दिले, माझ्या चारोळीतली एक ओळसुद्धा म्हणून दाखवली. टाळ्या कडाडल्या. त्या माझ्या ओळीला होत्या, असं मी रात्री झोपेपर्यंत स्वतःला सांगत राहिले.

मग तिचं वर्ष सुरू झालं. आमच्या शाखेनं एवढ्या वर्षांत जे केलं नव्हतं ते सगळं तिनं केलं. कॉलेजच्या मुलांना व्यवसाय मार्गदर्शन, नव्या कायद्यावर अभ्यासवर्ग, परंड्याच्या एकट्या सदस्याला दर वेळी कुठं यायला लावायचं म्हणून एक बैठक चक्क परंड्यात. ते गृहस्थ इतके खूश झाले की सगळ्यांना किल्ला दाखवायला घेऊन गेले. मी गेले नाही, गुडघा दुखत असल्याचं कळवलं. गुडघ्याला काही झालं नव्हतं, मला फक्त तिच्यामागून किल्ला चढायचा नव्हता. फोटो मात्र सगळे पाहिले, मोठे करकरून पाहिले.

वर्ष संपत आलं तेव्हा ती माझ्या ऑफिसात आली. हातात पत्रिकेचा कच्चा मजकूर होता.

“मॅडम, या वर्षी आभार तुम्ही मानायचे.”

मला ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, “काय?”

“आभार. तुमच्याशिवाय दुसरं नाव माझ्या मनात आलंच नाही. खरं तर हे आधीच व्हायला पाहिजे होतं.”

इतक्या वर्षांची माझी इच्छा, आणि ती माझ्या ओंजळीत घालायला तीच आली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी आनंदानं रडले असते. तिच्यासमोर मी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. मग म्हटलं, “पण सूत्रसंचालन?”

“मी करीन की. काही होत नाही, अध्यक्षानं केलं तर.”

ती गेल्यावर मात्र मला बरं वाटलं. एक तर माझं नाव तळाच्या ओळीत येणार होतं. आणि दुसरं, सूत्रसंचालन काय चीज आहे हे आता तिला कळणार होतं. पाहुणे उशिरा येतात, वक्ते आटोपतं घेत नाहीत, आणि आमचे सदस्य हजेरीची सही करून चहाला जे जातात ते जेवणाच्या वेळीच परत येतात. ती अडखळेल, घामाघूम होईल, माझ्याकडे मदतीसाठी बघेल. आणि मी उठेन. कशी उठेन हेसुद्धा मी ठरवलं होतं. त्यासाठी ठेवणीतली साडी काढली आणि नवऱ्याला पहिल्या रांगेत बसायला सांगितलं.

ती अडखळली नाही. चारोळी एकही म्हटली नाही. प्रत्येकाला बोलावताना त्याच्याविषयी एक साधी गोष्ट सांगत गेली. परंड्याचे गृहस्थ सगळ्यांसाठी घरून शेंगाचटणी आणतात, त्यांना तिनं “आपल्या शाखेचे अन्नमंत्री” म्हणून बोलावलं आणि सगळा हॉल हसला. जे सर कधीच वेळेत संपवत नाहीत त्यांना आधीच सांगितलं, “सर, तुमच्यानंतर गुलाबजाम आहेत,” आणि ते वेळेत थांबले. मी मागं वळून पाहिलं. चहाच्या टेबलापाशी चहावाल्याशिवाय कुणी नव्हतं. माझ्या सगळ्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

शेवटी तिनं माझं नाव पुकारलं. माझी ओळख करून देताना म्हणाली, “ज्यांना ऐकून मी माईक धरायला शिकले.” लोक उभे राहिले. मी आभार मानले. अध्यक्ष म्हणून तिचे आणि सूत्रसंचालक म्हणून तिचेच, असे दोनदा. आवाज कापला, तो भावना दाटून आल्यामुळं असं सगळ्यांना वाटलं.

जेवताना अभिनंदन करणाऱ्यांची गर्दी झाली. तिच्या आधीचे अध्यक्ष ताट घेऊन माझ्याजवळ आले. “मॅडम, बघा, आता जोडी कशी बराबर जमली. पुढच्या साली तुमी अध्यक्ष आन् सूत्रसंचालन ताईकडं. आता कायमचं तिच्याकडंच ठिऊ. काय?”

आजूबाजूचे सगळे “व्हय, व्हय” म्हणाले. माझा नवराही म्हणाला. ती लाजून हसत माझ्याकडे बघत होती, माझ्या होकाराची वाट बघत. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता पुढचा मेळावा जवळ आला आहे. मधल्या खुर्चीत मी असेन, अंगावर शाल, मांडीवर पुष्पगुच्छ. आमच्याकडे अध्यक्षाच्या भाषणाची पद्धत नाही, त्यामुळं कार्यक्रम संपेपर्यंत मला तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मी बसून तिला ऐकायचं. लोक टाळ्या वाजवतील, आणि मी अध्यक्ष असल्यामुळं मला त्या सगळ्यांच्या आधी वाजवायला लागतील.