खालच्या पट्टीतला चेलो

चौघांच्या वादनात बराच वेळ व्हायोलिनच बोलत होतं. मग व्हायोलिनच्याच जातीच्या, पण मोठ्या आणि खर्जातल्या चेलोनं चाल हातात घेतली, आणि युरोपातल्या रोमँटिक काळातली ती संथ रचना भरदार गळ्यातून यावी तशी सभागृहात पसरली. मला खुर्चीत स्वस्थ बसवेना. हा गळा माझ्या ओळखीचा होता.

"याला कुणी सांगितलं नाही वाटतं," शेजारी बसलेली माझी बायको पुटपुटली, "आवाज पुरुषी आहे म्हणून."

लग्नानंतर हे मीच तिला म्हटलं होतं. तिनं तंबोरा गवसणीत घातला, आणि संसारापायी हिचं गाणं सुटलं, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. गाणं माझ्यामुळे सुटलं.

लाकडाच्या पोटातून आलेल्या खर्जाला आपण माना डोलावतो. तोच बाईच्या गळ्यातून आला तेव्हा मला का खुपला असेल?

चेलोनं चाल पुन्हा घेतली. त्याच्याबरोबर ती नकळत गुणगुणू लागली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. आवरा हिला, अशा नजरेनं.

"गाऊ द्या हो तिला," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच.