मी उचललेला भंडारा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. ती गेली तेव्हा सांगायचं राहून गेलं, असंही म्हणवत नाही — मला सांगायचंच नव्हतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही आणि आमच्या कुठल्या गटाचेही नाही.

आमचं गाव कागलजवळ. गावात दोन गट. म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही — दूध संस्था दोन, गणपती दोन, चहाचे गाडेसुद्धा दोन. लग्नाला जायचं ते गट बघून. मयतालासुद्धा! आमच्या गटाचे पुढारी अण्णा. त्यांच्यासाठी मी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं. कशासाठी? आज विचाराल तर सांगता यायचं नाही.

बाळू माझा शेजारचा शेतकरी, बांधाला बांध. वीस वर्षं आमचा पैरा होता — त्याचे बैल माझ्या रानात, माझे त्याच्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघंही अण्णांच्या गटातून ग्रामपंचायतीवर निवडून आलो. नऊ सदस्य, त्यातले पाच आमचे. सरपंच या नऊ जणांनी निवडायचा. कुणी फुटू नये म्हणून अण्णांनी आम्हा पाच जणांना जीपमधून कोकणात नेलं. तिथं जेवताना एकेकाची विचारपूस चालली होती, तुला काय हवं, तुझं काय अडलंय. माझ्यापाशी आल्यावर अण्णा म्हणाले, "ह्याला काय इचारायचं? ह्यो तर खुट्ट्याला बांधल्यालाच हाय की!"

सगळे हसले. बाळूही हसला. मीही हसलो.

मतदान गुप्त होतं. मी समोरच्या उमेदवाराच्या नावापुढं फुली मारली. त्यात तत्त्व नव्हतं, लोभही नव्हता — नुसता त्या हसण्याचा राग. पाच-चारनं आम्ही हरलो.

त्याच संध्याकाळी अण्णांनी आम्हाला बिरोबाच्या देवळात उभं केलं. देवापुढची हळद, म्हणजे भंडारा, मुठीत उचलायचा आणि म्हणायचं, मी फुटलो नाही. खोटा भंडारा उचलला तर घरादाराचं वाटोळं होतं, असं आम्ही लहानपणापासून मानत आलेलो. मी उचलला. बाळूची पाळी आली, तेव्हा तो म्हणाला, "माझा शबुद पुरत नसंल, तर देवाला कशाला मधी घालताय?" आणि चपला घालून निघून गेला.

झालं! गावाला फुटीर सापडला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या संस्थेत त्याचं दूध घेईनात. त्याच्या घरी कुणी जाईना. मीही पैरा मोडला. त्याच्या पोरीच्या लग्नाला आमच्या गटातलं एक माणूस गेलं नाही. मंगलाष्टकं मी घरात बसून ऐकली. पुढं बाळू समोरच्या गटात गेला — दूध कुठंतरी घालायला हवंच की. त्यावर आमची माणसं म्हणाली, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? मीही मान डोलावली.

काही वर्षांनी वरच्या पुढाऱ्यांचं जमलं आणि दोन्ही गट एक झाले. अण्णा आणि त्यांचे जन्माचे वैरी एकाच स्टेजवर फेटे बांधून बसले. गावानं टाळ्या वाजवल्या. बाळू मात्र फुटीर तो फुटीरच राहिला.

पण मत नाही, भंडाराही नाही — सांगायचं आहे ते आणखी वेगळं. पोरीच्या लग्नाच्या आधी बाळू पत्रिका घेऊन माझ्या रानात आला होता. मी उसाला पाणी पाजत होतो. तो बांधावर उभा राहून म्हणाला, "गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुला तर ठावं हाय न्हवं, म्या तसलं करणार न्हाय?"

ते नक्की ठाऊक असलेला अख्ख्या गावात मी एकटाच होतो. मी खोरं न थांबवता म्हणालो, "मग भंडारा का उचलला न्हाईस?"

त्यानं पत्रिका बांधावर ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवला आणि गेला.

ती पत्रिका मी उचलली नाही.