अनंताचा पत्ता

काशीवहिनीने कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाली, "भावजी, अनंता निघालाय. दार उघडं ठेव म्हणतो."

अनंता तिचा मुलगा. मस्कतला कामाला होता, तिथेच वारला. मयत आलं नाय, नुसता फोन आला.

पोलादपूरला स्टँडसमोर माझा सायबर कॅफे होता. शिक्षण चौथी, पण आमच्या गावच्या मंडळाची वेबसाइट मीच सांभाळायचो आणि कुणाचं ऐकायचो नाय. पूर्वी परदेशातली पोरं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. त्या मी कॉम्प्युटरवर उतरवून साइटच्या 'कॅसेट' फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. वहिनी बाजाराला आली की अनंताला ऐकून जायची. त्यात तो आधी खोकतो, मग विचारतो, "आये, म्हैस व्याली काय गो?" वहिनी दर वेळी मोठ्यानं सांगायची, "व्याली रे, पारडी झाली." बाकीची गिऱ्हाईकं दचकायची.

मी हेडफोन लावला. खोकला नाय, म्हैस नाय. "आये, निघालोय. दार उघडं ठेव." आवाज हुबेहूब तसाच. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बघितलं, तर पानाचा पत्ता बदललेला.

मंडळाचे सेक्रेटरी नाना. त्यांनी नुकतंच साइटवर सीएमएस बसवून घेतलं होतं. सीएमएस म्हणजे बातम्या, फोटो भरायचं तयार सॉफ्टवेअर. आलेला प्रत्येक पत्ता ते आधी स्वतःकडे ओढतं, याला रीराइट म्हणतात. फोल्डर जागेवरच होता, पण ते तिथवर कुणाला पोचू देत नव्हतं. पत्ता ओळखीचा नसला की जवळचं नाव शोधून तिकडे पाठवायचं. आमच्याकडे वाडीगणिक एक अनंता. खालच्या वाडीतला अनंता सुट्टीवर येत होता. त्यानं आईसाठी आवाजात भरून पाठवलेला निरोप नानांनी 'अनंता येतोय' म्हणून लावला होता.

हे सापडेपर्यंत दोन दिवस गेले, मग नानांना फोन करून कानावर घातलं.

"राहू दे रे," नाना म्हणाले. "म्हातारी जेवायला लागलीय म्हणतात."

"दार सताड उघडं टाकून बसते ती, नाना. घर रानाच्या कडेला. काल तिच्या ओट्यावरनं बिबट्यानं कुत्रं उचललं."

"तू सांगणार तिला?"

"सांगणार. आधी तिचा पोरगा जागेवर आणतो."

एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइल उघडली. पत्त्यांचे नियम तिच्यात असतात. एक ओळ लिहिली: कॅसेट फोल्डरचा पत्ता आला तर हात लावू नको, आहे तिथे जाऊ दे. पुन्हा उघडलं. "आये, निघालोय." ती फाइल वरून खाली वाचली जाते, माझी ओळ तळाला होती. उचलून सगळ्यात वर घातली. मग खोकला ऐकू आला.

वहिनीला बोलावून सगळं सांगितलं. तिनं हेडफोन लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. म्हैस व्याल्याचं ती बोललीच नाय.

"हा जुना," ती म्हणाली. "परवाचा कुठाय?"

"तो दुसऱ्याचा, वहिनी."

"तुमाला आवाज कळत नाय, भावजी."

आता कुठलीही साइट करताना मी आधी जुने फोल्डर नियमाबाहेर काढतो, मग सीएमएस बसवतो. हे काम उलटं करू नये. खालच्या वाडीतला अनंता येऊन परतही गेला. वहिनीचं दार मात्र अजून उघडंच असतं, आणि उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या भरलेला.