तिघांनाही हवा असलेला भिडू

माझ्यावर विद्वानांची सभा भरली ती आयुष्यात एकदाच. सभेपुढचा विषय होता माझे गुडघे.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मी मॅट्रिक झालो होतो आणि सहा फुटांच्या वर गेलो होतो. पलूसकडच्या आमच्या गावात या दुसऱ्या पराक्रमाचा उपयोग शेवग्याच्या शेंगा काढण्यापुरता होता, आणि पहिल्याचा तेवढाही नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, मला ‘लांबडं’ म्हणत. थोरला भाऊ पलटणीतून अजून सुटून आला नव्हता, त्यामुळे औतामागं आबा एकटेच होते. मी कॉलेजचं नाव काढल्यावर त्यांनी बराच वेळ बैलाच्या पाठीवरच्या गोचिड्या काढल्या आणि मग एकच अट घातली.

“सांगलीला बोर्डिंगात खाट मिळाली तर ऱ्हा. न्हाई मिळाली तर पेरणीच्या आत माघारी ये. कुनाच्या सोप्यात पडून शिकायचं न्हाई.”

खाट मिळणार नाही याची त्यांना खात्री असावी. बोर्डिंगच्या खाटा मार्कांवर मिळत, आणि माझे मार्क असे होते की मास्तरांनी ते मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितले होते.

पण कॉलेजात दोन वर्षांपूर्वी एक नवंच खूळ निघालं होतं. जिमखान्याचे सर मद्रासला व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेले होते. ते मूळचे धारवाडकडचे, अतिशय सज्जन आणि सांगितलेलं सगळं खरं मानणारे. येताना त्यांनी बास्केटबॉल आणला होता. मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब उभे राहिले होते आणि त्यांवर लोहाराकडून करून घेतलेल्या दोन कड्या बसल्या होत्या. जाळी मिळत नव्हती. चेंडू एकच, आणि त्यालाही चांभारानं ठिगळ मारलेलं. त्यामुळे तो उडाला की कुठल्या बाजूला जाईल हे त्याचं त्यालाच ठाऊक असे.

बोर्डिंगच्या तीन इमारती, तिघींचे तीन संघ. सरांनी त्या वर्षी नियम केला की प्रत्येक इमारतीत दोन खाटा नव्या खेळाडूंसाठी राखायच्या, त्यांना मार्कांची अट नाही. तिन्ही कप्तानांनी एकत्र बसून आळीपाळीनं भिडू उचलायचे. गेल्या साली जो संघ शेवटी आला, त्याची पाळी पहिली. ज्याला उचललं त्याला खाट, आणि राहिलेल्यानं आपला रस्ता धरायचा. सरांना वाटलं, यात गडबड व्हायला जागाच नाही. सर आमच्या मुलखात अजून नवीन होते.

शेवटी येण्यात सातत्य राखलेल्या संघाचा कप्तान इस्लामपूरकडचा होता. बागायतदाराच्या घरातला, रुंद हाडाचा, बोलायला मोकळा. सांगलीला कॉलेजच्या ऑफिसापुढच्या रांगेत माझं डोकं सगळ्यांच्या वर दिसलं आणि त्यानं मला बाजूला काढलं.

“गड्या, बास्केटबॉल खेळलायस?”

“बघितला बी न्हाई.”

“मग तर लय ब्येस. वाईट सवयी नसतील.”

निवडीला दोन दिवस होते. तेवढे दिवस मी त्याच्याच खोलीत जमिनीवर पथारी टाकली. तिथंच ती सभा भरली. एक कप्तान. दुसरा खाणावळीचा चिटणीस, सांगली गावातलाच, ज्यानं चेंडूला कधी हात लावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. पण कोणाला घ्यायचं यात त्याचा शब्द मोठा. तिसरा तत्त्वज्ञान घेऊन बी.ए.ला दुसऱ्यांदा बसलेला, त्याला आम्ही पंडित म्हणू. मी ट्रंकेवर बसलो होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. माझ्याविषयी ते असं बोलत होते की मी अजून जन्मायचाच आहे.

“वाईचा मुलगा घ्या,” चिटणीस म्हणाला. “चष्मा आहे, पण पुण्याच्या शाळेत खेळलाय. मुख्य म्हणजे तीन पोळ्यांत उठतो. मी काल समोर बसून पाहिलं. आणि हा? रेशन माणशी मिळतं, उंचीप्रमाणे नाही मिळत.”

“खेळ पोळ्यांवर चालतो का?” पंडितानं विचारलं. “मूळ प्रश्न असा, की कडी उंचावर आहे म्हणून माणूस उंच हवा, की माणूस ठेंगणा आहे म्हणून कडी उंच वाटते?”

चिटणीस पोळ्यांचा हिशेब विसरून छताकडं पाहू लागला. पंडित बोलला की नेहमी असंच होई.

कप्तान उठला. “दादा, जरा चालून दाखव,” असं म्हणून त्यानं मला खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवलं. मग गुडघे दाबून पाहिले, तळहात उलटेसुलटे केले, पाठीवर थाप मारून मी दचकतो का ते बघितलं. दात तेवढे पाहायचे राहिले. मी निमूट सगळं करून घेतलं, कारण मला खाट हवी होती. खाटेसाठी मी दातही दाखवले असते.

“ह्योच घ्यायचा,” कप्तान शेवटी म्हणाला. “पर पयल्या पाळीला न्हाई. पयल्या पाळीला वाईचा. वाजतगाजत. ह्येला दुसऱ्या पाळीला, आन् तवर ह्येला नावं ठिवायची.”

“नावं का?” मी विचारलं. त्या सभेतला माझा हा एकमेव प्रश्न.

“येडा का काय रं? तुझ्या घरी बैल घेत्यात का न्हाई? मनात बसलेल्या बैलाला बाजारात कुनी चांगलं म्हंतं का?”

हे मला पटलं. आमच्याकडं जनावर घ्यायचं तर हीच रीत. पसंत पडलेल्या खोंडाजवळ जाऊन आधी तोंड वाकडं करायचं. शिंग बघून हळहळायचं, खूर बघून मान हलवायची, मालकाच्या देखत सोबत्याला ‘चल, उगाच वेळ गेला’ म्हणायचं. मालक त्याच खोंडाची आरती ओवाळत असतो. शेवटी घेणारा पाठ फिरवून चालू लागतो आणि मालक हाक मारून माघारी बोलावतो, तिथं सौदा पटतो. लहानपणापासून मी हे पाहत आलो होतो. फक्त खोंडाच्या जागी उभं राहण्याचा योग आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर कप्तानानं मोठ्यानं सांगितलं की त्या लांबड्याचे गुडघे एकमेकांना लागतात. हे ऐकून दुसऱ्या इमारतीचा कप्तान मला बघायला आला. हा लोणंदकडचा, घरात पिढीजात जनावरांचा धंदा. त्यानं गुडघे पाहिले, छातीला कान लावला आणि चारचौघांत जाहीर केलं की छातीत घरघर आहे. जाताना त्यानं माझ्याकडं वळून एकदा असं पाहिलं की मला कळलं, यालाही मी पसंत आहे. तिसऱ्या इमारतीचा कप्तान कराडच्या अलीकडचा. त्यानं मला लांबूनच पाहिलं आणि सांगितलं की याला संध्याकाळी दिसत नाही. दुपारपर्यंत माझे पाय सपाट झाले होते, संध्याकाळी मला जुनाट हिवताप जडला होता. खाणावळीत माझ्या शेजारी बसायला कोणी तयार होईना. इतक्या लोकांना आपण हवे आहोत, या आनंदात मी तीन माणसांचं जेवलो. चिटणीसानं डोळे मिटून घेतले.

निवड सरांच्या खोलीत झाली. आम्ही उमेदवार भिंतीला टेकून उभे होतो. पहिली फेरी सुरळीत पार पडली. आमच्या कप्तानानं वाईचा मुलगा उचलला आणि तो केवढा थोर आहे यावर भाषण केलं. उरलेल्या दोघांनीही एकेक भिडू घेतला. दुसरी फेरी आली. पुन्हा आमचीच पाळी.

इथं त्यानं नुसतं माझ्याकडं बोट करायचं होतं. पण पाहिजे तो खोंड बाजारात समोर आहे, घेणारा दुसरा कोणी दिसत नाही, आणि मालक मागेल त्या भावानं घेऊन टाकायचा, हे त्याच्या रक्तात नव्हतं. तो सरांना म्हणाला, “सर, हा लांबडा उरलाच आहे तर आम्ही पदरात घेऊ. पण गुडघे गेलेले आहेत. खातोही फार. आमच्या खाणावळीला एक जादा रेशनकार्ड मिळालं तर बघू.”

सर म्हणाले, “कार्ड मी कुठून देणार?”

“मग थांबतो,” कप्तान म्हणाला आणि हाताची घडी घातली.

लोणंदवाला काय कच्चा होता? तो म्हणाला, छातीचा विकार असलेला माणूस आम्ही घ्यायचा तर चेंडू रोज सकाळी आमच्याकडं पाहिजे. तेही जमणार नाही म्हटल्यावर तोही थांबला. तिसऱ्यानं रातांधळेपणाच्या बदल्यात संध्याकाळचं मैदान मागितलं. मग तिघंही माझे आजार एकापुढं एक मांडू लागले. सर प्रत्येक आजाराला मान डोलवत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. माझी मला दया येऊ लागली.

शेवटी तिघांनी एकमेकांकडं चोरून पाहिलं आणि तिघंही पाठ फिरवून दाराकडं निघाले. फार हळू निघाले. हाक ऐकू यावी म्हणून माणूस जितकं हळू चालतो तितकं हळू. उंबऱ्याशी तर ते जवळजवळ उभेच राहिले.

सरांनी हाक मारली नाही. हाक मारायची असते हे त्यांना कोण सांगणार? तिघा जाणत्या कप्तानांनी एकमुखानं नाकारलेला रोगी मुलगा त्यांच्यापुढं उभा होता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, घरी जाऊन तब्येतीला जपायला सांगितलं आणि दुसऱ्या फेरीच्या तिन्ही खाटा मार्कांप्रमाणे देऊन टाकल्या. त्यातली एक मिळाली ती अशा मुलाला, ज्याचं घर कॉलेजापासून हाकेच्या अंतरावर होतं. खेळ म्हणून त्याला कॅरम आवडत असे.

बाहेर तिन्ही कप्तान एकमेकांना शिव्या देत होते. “त्वा घ्यायचा हुतास रं! मी तुज्या भरवशावर ताणलं,” असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. माझ्याकडं कोणी बघितलं नाही. जनावर हातचं गेलं की त्याच्याकडं कोण बघतो?

कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं मी गावी परतलो. अर्ध्या वाटेत ती बंद पडली आणि उतरून ढकलावी लागली. माझ्या उंचीची त्या वर्षी झालेली ती पहिली कदर. आबा पेरायच्या कुरीचे फण ठोकून घेत होते. मला पाहून त्यांना बरं वाटायला हवं होतं, पेरणी तोंडावर आली होती. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

“गुडघ्याला नावं ठिवली?”

“व्हय.”

“आन् छातीला?”

“व्हय.”

“तिघांनी बी?”

“तिघांनी बी.”

आबांनी फण खाली ठेवला आणि उठून बैलांना वैरण टाकायला गेले. सकाळी मात्र त्यांनी धुतलेला पटका बांधला, भावानं पलटणीतून पाठवलेला खाकी कोट चढवला आणि मला म्हणाले, “चल.”

सरांच्या खोलीत आबा बसले नाहीत. कोटाची बटणं चाचपत उभेच राहिले आणि बोलू लागले. “आवं सायेब, ह्ये पोरगं लाखात एक हाय. येरवाळी उठतंय, दिवा जाईपातूर वाचतंय. अंगात कसली खोड न्हाई. पायानं हरणावानी हाय. खाणं तर पाखराचं. एका शब्दाला दुसरा शब्द न्हाई. असं पोर तुमाला पुरी सांगली हुडकून गावायचं न्हाई.”

जन्मात त्यांनी मला एक बरा शब्द दिला नव्हता. त्या शब्दासाठी मी किती वर्षं टपून होतो हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि रडू येऊ लागलं. कारण आमच्या बाजारात जनावराची तारीफ करतो तो फक्त विकणारा. घेणारा नावं ठेवतो, राखणारा गप्प बसतो. आबा आजवर गप्प बसले होते.

सरांनी याही वेळी सगळं खरं मानलं, पाखराचं खाणंसुद्धा. खाट आता नाही, म्हणाले, पण जाळ्या आणि चेंडू ठेवायची खोली आहे, तिथं राहू दे. जाळ्या नव्हत्याच, त्यामुळे जागा ऐसपैस होती. मी तिथं चार वर्षं काढली, खेळलोही. कसा खेळलो ते विचारू नये. गुडघ्यांबद्दल कप्तान अगदीच खोटं बोलला नव्हता.

फाटकाशी आबा थांबले. इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

“ती छातीची बात खोटी हाय न्हवं रं?”

“खोटी हाय आबा. ते भाव पाडायला म्हनत हुते.”

“त्ये मलाबी ठाव हाय,” ते म्हणाले. “तरीबी इचारलं.”

आणि ते मोटारीकडं निघून गेले. त्या साली आमच्या औतामागं माझ्या जागी परका गडी होता.