सोडून दिलेला तुकडा
मामांनी पाठवलेली द्राक्षांची पेटी आज इंदिरानगरच्या घरी उघडली आणि आत द्राक्षं टिकावीत म्हणून घातलेल्या गंधकाच्या कागदाचा उग्र वास नाकात गेला. काही वर्षांपूर्वी हाच वास मामांच्या कोल्ड रूमबाहेर भरून राहिला होता. आत त्यांचा अख्खा हंगाम रचलेला, आणि थंडी सांभाळणारा कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता. तो बंद पडला की कॉम्प्रेसरही थांबायचा. मी तपासलं तर रॅमचा, म्हणजे त्याच्या मेमरीचा, एक छोटा तुकडा खराब निघाला. तसली जुनी रॅम नाशकात कुठेच मिळेना, म्हणून मशीन चालवणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याला, कर्नललाच सांगायचं ठरवलं, की बाबा, तेवढा तुकडा सोडून दे. एक ओळ लिहिली, मशीन पुन्हा चालू केलं, आणि स्क्रीन काळी ती काळीच. मामा कोल्ड रूमच्या दाराला तळहात लावून म्हणाले, “गार हाय अजून, पण लय वेळ नाय टिकायचं, पोरी.” मी ओळ पुन्हा वाचली तेव्हा कळलं, एक चिन्ह गळालं होतं आणि ‘एवढी मेमरी सोड’ऐवजी ‘एवढीच मेमरी आहे’ असं कर्नलला सांगितलं गेलं होतं. तेवढ्याशा मेमरीत ते मशीन बिचारं उठणार कसं! चिन्ह घातलं. पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या, मागे कॉम्प्रेसर घरघरला, आणि मी क्रेटवर मटकन बसले. “खराब तुकडा काढला का?” मामांनी विचारलं. “नाही, तिथेच आहे. आता तिकडे कोणी जात नाही, इतकंच.” ती रॅम मामांनी अजून बदललेली नाही. म्हणून पेटी उघडली की मी आधी फोन बघते. मामांचा मिस्ड कॉल नसला, की मगच पहिलं द्राक्ष तोंडात टाकते.