कोपरा कापलेलं पुस्तक

"बघा! हिनंच चोरून ठेवलं होतं."

मुंबईच्या विमानतळावर, चार लोकांत, बाईसाहेब माझ्याकडे बोट करून असं बोलल्या. पासपोर्ट माझा. फोटो माझा, अंगठा माझा, निघाला माझ्याच पिशवीतून. आन चोर मी! लाइनीतले लोक वळून वळून पाहून राहिले होते. मी मान खाली घातली. लाज मलेच वाटली, पाहा.

कसं झालं ते सांगतो.

मी लाखनीकडची. बाळंतिनीची शेक-मालिश करतो, लेकराले पायावर घेऊन न्हाऊ घालतो. बाईसाहेब भंडाऱ्याच्या. वकिलाचं घर, मोठा बंगला, लेक अमेरिकेत. आनीबानी उठली त्या सुमारास तिचं पहिलं बाळंतपन आलं, तं मले संगं नेलं. पासपोर्ट, व्हिसा, सारं त्यांनीच केलं. फोटो काढाले मातर माझा नवरा घेऊन गेला. तवा जिता होता तो.

बंगल्यात माझा कप अलग असे. कान तुटलेला. तो कप बाईसाहेबांनी पेपरात गुंडाळून अमेरिकेत नेला! माय वं! एवढं विमानात बसून गेलो, तिथंबी मले तोच कप. मी पाहतच राहिली.

सहा महिने राहिली मी तिथं. बाहेर बर्फ. घरात सारे इंग्रजीत बोलत. माझ्याशी कोन बोलते? "दूध गरम कर." "कपडे वाळव." बस. दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नव्हता. माझं म्हनाले एकच होतं, ते लेकरू. त्याले पायावर घेऊन मी सारं सांगत बसायची. आता धान निसवला असन, तलाव भरला असन, म्हैस व्याली असन. ते टकमक पाहे, हसे. मले वाटे, माझं बोलनं समजनारं दुनियेत एवढंच एक हाय. निघाच्या दिवशी त्याले खाली ठेवलं, तं माझा जीवच निघून गेला.

पाच वर्षांनी दुसरं बाळंतपन आलं. माझ्या पासपोर्टची मुदत संपली होती. नवा काढला. जुन्याचा कोपरा कापून ऑफिसवाल्यांनी वापस दिला. बाईसाहेबांनी तो केराच्या टोपलीत टाकला.

मी म्हनलं, "बाईसाहेब, अमेरिकेचा शिक्का त्याच्यातच हाय ना जी?"

"तुला काय कळतं गं त्यातलं? अंगठाछाप! मेलं ते पुस्तक." सारं घर हसलं. वकीलसाहेबबी हसले.

मी केर फेकता फेकता पुस्तक उचलून लुगड्यात खोसलं. शिक्क्यासाठी नाही. त्या फोटोत माझ्या कपाळावर कुंकू होतं. नव्या फोटोत नव्हतं.

विमानतळावर काउंटरवरच्या पोरीनं नवं पुस्तक चाळलं. कोरं. "यांचा व्हिसा कुठंय?" बाईसाहेबांचं तोंड उतरलं. मंग माझ्यावर उलटल्या. "हिनंच हरवला असणार. या लोकांना काही जपता येत नाही."

मी जुनं पुस्तक काढून पुढे ठेवलं. तवाच मले चोर म्हनाल्या.

पोरीनं दोन्ही पुस्तकं पाहिली. "मावशी, तुमचा व्हिसा चालू आहे. जुना अन् नवा, दोन्ही सोबत ठेवा. तुम्ही जाऊ शकता."

बाईसाहेबांनी माफी मागितली का? छट्! "चल, बॅगा उचल," म्हनाल्या.

माझं अंग पेटलं. "मी चोर असन तं मले कायले नेता जी? मी येत नाही."

"वेडी झालीस का? तिकडे नातू तुझी वाट बघतोय."

कुठं मारायचं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. खोटं कायले बोलू, एक पाऊल पुढे पडलंबी. पाच वर्षांचा झाला असन. कसा दिसत असन. मंग मी दोन्ही पुस्तकं उचलली आन माघारी फिरली. मले कोनी अडवलं नव्हतं. मीच नाही गेली.

नागपूरवरी रेल्वेत रडत आली. काहून रडते, असं कोनी विचारलं नाही. गावात लोक म्हनत, अमेरिका सोडली, पागल हाय. बंगल्यावाले भंडारा-लाखनीत सांगत फिरले, हिचा हात चांगला नाही. कामाची घरं तुटली. दारात कोनी येईना.

दोन उन्हाळे गेले. बाईसाहेबांची लेक पोरांना घेऊन भंडाऱ्याले आली. बंगल्याचा ड्रायव्हर जीप घेऊन माझ्या दारी. "बाईसाहेबांनी बोलावलं. पोराले भेटून जा म्हने."

मी चप्पल पायात घातली होती. मंग काढली.

म्हनलं, "त्यांना सांग, चोर म्हनाल्या ते चार लोकांत म्हनाल्या. चुकलं हेबी चार लोकांतच म्हना. माझ्या दारी येऊन. पोराले संगं आना."

जीप गेली. महिनाभर मी रस्त्याकडे पाहत बसली. कोनी आलं नाही. पोरगा वापस गेला. माझी बोली त्याले आता आठवत नसन.

मी त्या बंगल्याची पायरी चढली नाही. मरेवरी चढनार नाही.