दोन स्कोप, सातनाला धरण आणि सुधीररावांचे हात

आमच्या घरात सकाळची एक हाक ठरलेली होती. गच्चीवरून यायची. "अगं, ये लवकर!" आणि ती नेमकी मी गॅसवर दूध ठेवलं की यायची. मी हातातला चमचा तसाच घेऊन जिने चढून जायचे, तोवर पक्षी उडालेला. वर मलाच बोलणी: "गेला ना! तू म्हणजे अशी..." या हाकेवरून मी किती वर्षं भांडले असेन, देव जाणे. मागच्या वर्षी ती हाक बंद झाली.

हाक मारणारे म्हणजे सुधीरराव, माझे यजमान. नांदेडला आमचं औषधांचं दुकान आहे. सगळ्या गावाला वेळेवर गोळ्या घ्यायला सांगतात आणि स्वतःची गोळी विसरतात. मागच्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण हे असंच राहणार. दुर्बीण डोळ्याला लावली की आतला पक्षी नाचायला लागतो. हे ते कधी बोलले नाहीत. बोलले काय, तर "कंटाळा आला आता, तेच ते बगळे." दुर्बीण पिशवीत घालून माळ्यावर गेली.

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसानं लग्नानंतर बायकोला सिनेमाला न नेता गोदावरीच्या वाळूत चक्रवाक बदकं दाखवायला नेलं, त्याला बगळ्यांचा कंटाळा येईल? मला रडूही आलं आणि रागही आला. राग जास्त आला, कारण तो मला लवकर येतो.

मग मी शोधायला लागले, आणि स्पॉटिंग स्कोप हे प्रकरण हाती लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ही एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण, तिवईवर म्हणजे ट्रायपॉडवर बसवायची. हातात धरायचीच नाही. बाकीचं सगळं नंतर वाचलं, आधी एवढंच वाक्य वाचलं आणि ठरवून टाकलं. सुधीररावांना मात्र सांगितलं की मला हवाय.

"या वयात एवढा खर्च?"

"वय माझं आहे, तुम्ही कशाला मोजताय? फक्त सोबत चला."

नवे चांगले स्कोप आमच्या आवाक्याबाहेरचे. पण पक्षीवाल्यांच्या एका ग्रुपवर निरोप आला की राज्याच्या हद्दीपलीकडच्या आदिलाबादचे एक निवृत्त प्राध्यापक आपले दोन जुने स्कोप विकणार आहेत. आणि माझं माहेर तिथलंच, गुडीहत्नूरजवळचं खेडं! संक्रांत झाली, तिळगुळाचा डबा भरला आणि आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते. हेही गेल्या वर्षापासूनचंच.

नांदेड ते आदिलाबाद

नांदेडहून भोकरमार्गे भैंसा. रस्ता मधूनमधून कंबरेची परीक्षा घेतो, तेव्हा पहाटे निघा आणि घाई करू नका. भैंशाच्या अलीकडेच जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस चिकटलेला. गावात टिफिन केलं. तिकडं नाश्त्याला टिफिनच म्हणतात. इडली, मैसूर बोंडा आणि शेंगदाण्याची पातळ चटणी, दोघांचं पोट दीडशेच्या आत भरलं.

चहा सांगताना मी म्हटलं, "एक कपात द्या आणि एक ग्लासात, अर्धाच."

"अर्धा काऊन? साहेबाले शुगर हाय का?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"हो, हो, शुगर," सुधीरराव पटकन म्हणाले. त्यांना शुगर नाही. ग्लास भरलेला असला की सांडतो, एवढंच.

पुढं निर्मल, मग घाट. घाटात माकडं खिडकीशी येतात, खायला देऊ नका. नंतरचा राष्ट्रीय महामार्ग मात्र लोण्यासारखा आहे, टोल भरताना फार वाईट वाटत नाही. दुपारच्या आत आदिलाबादला पोचलो.

प्राध्यापकांना सगळे सर म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचे गुडघे गेलेत, मुलाकडे राहायला जाणार आहेत. टेबलावर दोन्ही स्कोप पुसून मांडले होते. एक मोठा, ऐंशी मिलिमीटर भिंगाचा, साठपट मोठं दाखवणारा, सरळ नळीचा. दुसरा लहान, पासष्टचा, पंचेचाळीसपट दाखवणारा, आणि त्याचं डोळा लावायचं तोंड वर वळलेलं. मोठ्याची किंमत लहानाच्या दुप्पट. मोठ्यासोबत एक हलका ट्रायपॉड फुकट. लहान घेतला तर मोठ्याच्या किमतीत लग्नाच्या शूटिंगवाल्यांचा असतो तसला एक जाडजूड, वजनदार ट्रायपॉडही येणार होता.

मी खिडकीतून समोरच्या टाकीवरचं कबूतर बघितलं. मोठ्यातून त्याच्या नाकपुड्या दिसल्या! माझा जीव मोठ्यात अडकला.

सर मराठी समजतात, बोलतात हिंदीत. म्हणाले, "मॅडम, घर में सब अच्छा दिखता. पानी पे ले जाके देखो, बाद में बोलो. जल्दी नको."

सुधीररावांनी एकाही स्कोपला डोळा लावला नाही. ते सरांशी गुडघ्याच्या गोळ्यांवर बोलत बसले. निघताना दोन्ही स्कोप आणि दोन्ही ट्रायपॉड मी गाडीत घातले.

माहेर

गाडीतून ट्रायपॉड उतरवताना दादानं विचारलं, "हे काय आणलं वं? मोजणीचं सामान हाय का?"

"पक्षी बघायचं आहे दादा."

"पक्षी पाहाले एवढं? आपल्या तुरीत या, फुकट दिसतेत." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कापूस, तूर आणि ज्वारी करतो, आणि मला अजून दहावीतली समजतो.

वहिनीनं ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल वाढलं. या जेवणासाठी मी चालतही येईन. सुधीरराव जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसतात, तसे बसले होते. वहिनीनं बघितलं, बोलली नाही. फक्त ताकाचा पेला अर्धा भरून ठेवला. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

सातनाल्यावर सकाळ

गुडीहत्नूरहून आदिलाबाद अर्धा तास आणि तिथून सातनाला धरण आणखी पाऊण तास धरा. शेवटचा रस्ता अरुंद आहे, बैलगाडी समोर आली तर मुकाट्यानं मागं घ्या. तिथं खायला काही मिळत नाही. आम्ही वहिनीचा डबा नेला होता.

पाणी आटून मध्ये मातीचं बेट उघडं पडलं होतं आणि त्यावर बदकांची गर्दी. नुसत्या डोळ्यांनी नारिंगी ठिपके दिसत होते. चक्रवाक! मला इतका आनंद झाला की मी मोठा स्कोप हलक्या ट्रायपॉडवर चढवून साठपटीला नेऊनच बघितलं. हवा सुटली होती. चित्र असं हलत होतं की बदक आहे की परातीतलं पाणी ते कळेना. शिवाय सरळ नळी. सुधीररावांच्या उंचीला लावला की मला दगडावर चढावं लागे, माझ्या उंचीला लावला की त्यांना गुडघ्यात वाकावं लागे.

तरी मी म्हटलं, "या ना, बघा."

ते आले. वाकले. आणि सवयीनं दोन्ही हातांनी नळी धरली, दुर्बीण धरतात तशी. ट्रायपॉडचे पाय खडखडले. पाच-सहा सेकंदांत ते बाजूला झाले.

"बघितलं. छान आहे."

"काय बघितलं?"

"तेच. पक्षी. छान आहेत." आणि ते चालत गाडीकडे गेले.

मी मागोमाग गेले आणि नको ते बोलले. "खोटं बोलताना तरी नीट बोला! काय दिसलं सांगा ना!"

"तुला हवाय ना, घे. मला कशाला ओढतेस त्यात?" ते शांतपणे म्हणाले. "मी येतो, बसतो, डबा खातो. तेवढं पुरे की."

ते पुरे नव्हतं. त्यांनी गाडीत बसून दार लावून घेतलं. मी धरणाकडे तोंड करून नाक पुसलं. खर्च गेला चुलीत, पण हा माणूस आता पुन्हा कधी कशाला डोळा लावणार नाही, असं मला वाटून गेलं.

सातनाल्यावर दुपार

दोघांनी डबा खाल्ला. नंतर मी हट्टानंच लहान स्कोप काढला. जाड ट्रायपॉडचे पाय आखूड ठेवले, मधल्या हुकाला पिशवी अडकवून तिच्यात दगड भरले (ही युक्ती सरांची) आणि पट निम्म्यावर आणली. वळलेलं तोंड माझ्या छातीशी आलं. विहिरीत डोकावतो तसं खाली बघायचं. आणि बघते तर काय, चित्र जागच्या जागी! नाकपुड्या नाही दिसल्या, पण अख्खं बेट दिसलं, स्थिर.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काय मोजून राह्यले बाई? कोनाची जमीन चाल्ली?"

वळून बघते तर डोक्याला टॉवेल बांधलेले एक काका, आणि त्यांच्यामागं कापूस वेचून परतणाऱ्या चार-पाच बाया, कमरेला कापसानं भरलेल्या ओट्या तशाच. तिवई, तिच्यावर यंत्र आणि समोर धरण. त्यांचं काय चुकलं? दादालाही तेच वाटलं होतं.

"मोजणी नाही हो काका. पक्षी बघतोय."

"सर्वेवाले बी पयले असंच सांगतेत," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती. "दाखवा मंग."

मी बाजूला झाले. काकांनी स्कोपची मान धरली आणि बेटाऐवजी त्यांना आभाळ दिसलं. "काईच नाई दिसत! काय लपवून राह्यले?" मी परत लावून दिला. मग एका बाईनं धरला. "मले तर निस्तं पानी दिसते." तिसरीनं धरला, फिरवला, सोडला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या, काका कपाळाला आठ्या घालून मोबाइल काढायला लागले. मी घामाघूम! सगळ्यांना एकाच वेळी समजावत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं.

गाडीचं दार उघडलं. बायको अडचणीत दिसली की दुकानदार गल्ल्यावरून उठतो, तसे सुधीरराव उठून आले. काकांना म्हणाले, "थांबा. आधी मी बघतो, काय आहे ते."

मी स्कोप नीट लावून दिला. ते आले, आणि इतक्या लोकांसमोर हात दिसू नयेत म्हणून त्यांनी ते पाठीमागं घट्ट बांधून घेतले. तसेच वाकले, डोळा लावला. कशालाच हात लागला नाही. काहीच हललं नाही.

पाच सेकंद झाले. दहा झाले. मग मी मोजायचं सोडून दिलं. ते उठेचनात.

"अहो?"

"गप्प," ते म्हणाले. मग हळूच, "दोन बसलेत जोडीनं. डावीकडच्याच्या गळ्यात काळी रेघ आहे. नर आहे तो. एक पाय पोटात घेऊन झोपलाय, पण डोळा उघडाय लबाडाचा."

मला ती रेघ दिसलीच नव्हती.

मग सुधीरराव सरळ झाले आणि दुकानात गर्दी झाल्यावर लावतात तो आवाज लावला. "रांगेत या! हात कुणी लावायचा नाही. हात असे मागं. फक्त डोळा पुढं. काका, आधी तुम्ही."

काकांनी पोलिसापुढं उभं राहावं तसे हात मागं बांधले आणि वाकले. मग एकदम ओरडले, "आवो! हे तं आमच्या पान्यातले लाल बदकं! पार डोळे दिसून राह्यले त्याइचे!"

"माय वं! मले पाहू द्या!" बाया हसायला लागल्या. एकीनं ओटीतला कापूस सांभाळत, पाठीमागं हात बांधून बघितलं. दुसरी तर दोनदा रांगेत आली. मी आपली बाजूला उभी. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण सगळे सुधीररावांचं ऐकत होते. जाताना काका म्हणाले, "जमीन नाई ना जाऊन राह्यली?"

"नाही हो काका," सुधीरराव म्हणाले. "नुसतं बघायचं. हात नाही लावायचा."

कोणता घेतला

तुम्ही ओळखलंच असेल. मोठा परत करताना सर हसले. "मैं बोला था ना, पानी पे देखो." तुमच्यापैकी जे घेणार आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच: पट मोजत बसू नका. खिसा लहान असेल तर भिंग लहान घ्या आणि ट्रायपॉड भक्कम घ्या. दोघांत एक असेल तर वळलेल्या तोंडाचाच घ्या. आणि विकत घेण्याआधी ज्याच्यासाठी घेताय त्याला पाण्यावर घेऊन जा, मग तो कितीही नाही म्हणो.

येताना भैंशाला पुन्हा चहा घेतला. अर्धाच सांगितला. हात काही बरा झालेला नाही, होणारही नाही. पण हॉटेलवाला शुगरचं काही बोलणार तोच सुधीरराव म्हणाले, "शुगर नाही हो. हात थरथरतो, सांडतो." हॉटेलवाल्यानं मान हलवली आणि चहा मोठ्या ग्लासात आणला. विषय संपला. मला मात्र घाटाएवढं काहीतरी चढून आल्यासारखं वाटलं.

स्कोप आता आमच्या गच्चीवर असतो. फोकसचं चाक फिरवायला त्यांना वेळ लागतो. मी मदतीला गेले तर ओरडतात, म्हणून जात नाही.

काल सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं होतं. वरून आवाज आला.

"अगं, ये लवकर! आणि हात लावू नकोस!"

मी जिना चढले. यावेळी पक्षी उडाला नव्हता. दूध मात्र उतू गेलं. जाऊ दे.